सहा मिलिमीटरचा खडा: थांबायचं की काढायचा?

प्रश्न असा आहे. धाकटा भाऊ, वय ३८, साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. रात्री दोनच्या सुमारास डाव्या कुशीत कळ उठली, ती जांघेपर्यंत उतरली, उलट्या झाल्या. इंजेक्शनने कळ थांबली. सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रनलिकेत, लघवीच्या पिशवीच्या अगदी तोंडाशी, ६ मिमीचा खडा दिसला आणि किडनीला किंचित सूज. एका डॉक्टरांनी मूत्रनलिकेचा स्नायू सैल करणारी टॅम्सुलोसिनची गोळी देऊन चार आठवडे थांबायला सांगितलं. दुसरे म्हणाले, उद्याच दुर्बिणीतून लेसरने काढून टाकू. घरी मावशी कुळथाचं पाणी उकळून बसल्या आहेत. बहिणीने विचारलंय की यातलं संशोधनातून खरोखर सिद्ध झालेलं काय आहे.

ताई, दोन्ही डॉक्टरांपैकी कुणीही चुकीचं सांगितलेलं नाही. कुळथाबद्दलही मी पुढे लिहितो. पण आधी एक आकडा लक्षात ठेवा, कारण मुतखड्याच्या औषधांबद्दल जे जे तुमच्या कानावर येईल ते त्या आकड्यासमोर ठेवून बघावं लागतं. तो आकडा आहे ८०.

ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांनी मिळून मूत्रनलिकेतल्या खड्यांवर एक मोठी चाचणी केली. सस्पेंड या नावाने ती ओळखली जाते आणि २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. १,१६७ रुग्ण, खडे १० मिमीपर्यंतचे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एकाला टॅम्सुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपिन, तिसऱ्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नव्हतं. चार आठवड्यांत ज्यांना खड्यासाठी आणखी काही करावं लागलं नाही असे रुग्ण टॅम्सुलोसिनच्या गटात ८१ टक्के निघाले, निफेडिपिनच्या गटात ८०. आणि रिकाम्या गोळीच्या गटातही ८०.

या रिकाम्या गोळीवाल्या ८० टक्क्यांनी आम्हा मूत्ररोगतज्ज्ञांना फार शिकवलं. मी स्वतः तोवर जवळपास दहा वर्षं खालच्या खड्याच्या प्रत्येक रुग्णाला टॅम्सुलोसिन लिहून देत होतो, आणि त्याला कारणही होतं. २००३ मध्ये इटलीतून ६० रुग्णांचा अभ्यास आला, त्यात टॅम्सुलोसिन घेतलेल्या प्रत्येकाचा खडा पडला होता. २००६ मध्ये नऊ छोट्या चाचण्या, एकूण ६९३ रुग्ण, एकत्र करून मांडलेला निष्कर्ष लॅन्सेटमध्येच आला: औषधाने खडा पडण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी वाढते. ओपीडीत रुग्ण चार आठवड्यांनी यायचा, कागदाच्या पुडीतून खडा काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर, तुमच्या गोळीने गुण आला." मीही ते खरं मानायचो. ती गोळी घेतली नसती तर त्या माणसाचं काय झालं असतं, हे मला दिसायला मार्गच नव्हता. तेच दाखवायला रिकामी गोळी लागते.

छोट्या चाचण्या फसवतात त्या अशा. त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांमध्ये रिकामी गोळी नव्हतीच, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला फक्त वेदनाशामक. आपल्याला औषध मिळालं नाही हे कळलेला रुग्ण लवकर धीर सोडतो, आणि हे माहीत असलेला डॉक्टरही त्याला लवकर ऑपरेशनच्या टेबलावर घेतो. शिवाय ज्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही ती छापायला पाठवण्याचा उत्साह कमी असतो. अशा लहान लहान झुकावांची बेरीज होते आणि औषध आहे त्यापेक्षा मोठं दिसायला लागतं.

मग टॅम्सुलोसिन टाकूनच द्यायचं का? नाही, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत तर नाहीच. सस्पेंडमधल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचे खडे ५ मिमी किंवा त्याहून लहान होते. असे खडे आपसूकच पडतात, तिथे औषधाला करून दाखवायला जागाच उरत नाही. ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत खालच्या भागातल्या खड्याचे ४०३ रुग्ण घेतले आणि शेवटी सीटी करून खडा गेला की नाही ते तपासलं. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक किरकोळ, ८७ विरुद्ध ८२ टक्के. पण ५ ते १० मिमीचे खडे वेगळे काढले तेव्हा औषधाच्या गटात ८३ टक्के खडे पडलेले आणि रिकाम्या गोळीच्या गटात ६१. चीनमध्ये तीसएक केंद्रांत ३,२९६ रुग्णांवर अशीच चाचणी झाली, तिथे ८६ विरुद्ध ७९, आणि तिथेही फायदा मुख्यतः ५ मिमीच्या वरच्या खड्यांना. अमेरिकेतल्या ५१२ रुग्णांच्या चाचणीत मात्र खडे सरासरी ४ मिमीच्या आतबाहेर होते आणि तिथे ५० विरुद्ध ४७, म्हणजे फरक नाहीच.

हे निकाल एकमेकांच्या विरोधात जातात असं वरवर वाटतं. पण खडा किती मोठा आणि कुठे अडकलाय हे पाहून ते शेजारी शेजारी ठेवले तर एकच चित्र दिसतं. मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला, स्नायूला आवळायचा इशारा घेणारे अल्फा रिसेप्टर दाट असतात. टॅम्सुलोसिन तिथला स्नायू सैल करतं. ४ मिमीच्या खड्याला ती मदत लागत नाही. ६-७ मिमीचा खडा खाली येऊन दारात अडला असेल तर लागते. तुमच्या भावाचा खडा नेमका त्या जातीचा आहे. म्हणून पहिल्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो आणि मीही तोच दिला असता. गोळी रात्री झोपताना घ्यावी, कारण उठून उभं राहताना चक्कर येऊ शकते. संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येणं हाही या गोळीचा परिणाम आहे. तो तात्पुरता असतो, गोळी थांबवली की जातो. पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर तरुण माणूस फार घाबरतो, आणि लाजेने विचारतही नाही. तुम्ही बहीण म्हणून हे बोलू शकणार नसाल तर त्याच्या डॉक्टरांना बोलायला सांगा.

किती दिवस थांबायचं? खडे आपसूक पडायला किती वेळ लागतो याचा १९९९ मधला एक अभ्यास अजून आमच्या उपयोगी पडतो. २ मिमीच्या आतला खडा सरासरी ८ दिवसांत, २ ते ४ मिमीचा १२ दिवसांत, त्याहून मोठा ४ ते ६ मिमीचा २२ दिवसांत. जे पडायचे होते त्यातले बहुतेक सगळे ४० दिवसांच्या आत पडले. चार ते सहा आठवड्यांची मुदत देतात ती यावरून. त्यापुढे थांबणं म्हणजे किडनीच्या जिवावर थांबणं.

थांबताना दोन गैरसमज आड येतात. पहिला पाण्याचा. "पाच लिटर पाणी प्या, खडा वाहून जाईल" हे मी सुशिक्षित घरांतूनही ऐकतो. कळ चालू असताना शिरेतून भरपूर सलाईन देऊन पाहिलेलं आहे. दोन तासांत दोन लिटर विरुद्ध अगदी थोडं, अशी तुलना केली तेव्हा ना कळ लवकर थांबली, ना खडा लवकर पडला. नळीत बूच बसलेलं असताना वरून जास्त पाणी सोडलं तर वरचा दाबच वाढतो, आणि कळ त्या दाबाचीच असते. तहानेपुरतं, लघवी फिकट राहील इतकं पाणी पुरे. दुसरा गैरसमज वेदनाशामकाचा. जितकं कडक इंजेक्शन तितका आराम, असं लोकांना वाटतं. कतारमध्ये दोहाच्या हमद रुग्णालयात १,६४५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये आली. स्नायूत डायक्लोफेनॅक, शिरेतून पॅरासिटामोल आणि शिरेतून मॉर्फीन अशी तिची तुलना होती. अर्ध्या तासात वेदना निम्म्यावर आलेले रुग्ण अनुक्रमे ६८, ६६ आणि ६१ टक्के. म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यातही मिळणारं साधं डायक्लोफेनॅक मॉर्फीनच्या पुढे गेलं, आणि मॉर्फीनचा त्रासही जास्त झाला. फक्त ज्यांची किडनी आधीच कमकुवत आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय हे दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आहे किंवा पोटात अल्सर आहे त्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये. भावाचं क्रिएटिनिन तपासलं नसेल तर उद्याच तपासून घ्या.

आता थांबायचं नाही अशा वेळा. हा भाग मनावर घ्या, कारण बाकी सगळ्यात चूक झाली तरी निभावतं, इथे निभावत नाही.

थंडी वाजून ताप आला तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतल्या, मधुमेह असलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. उजवीकडे ७ मिमीचा खडा. तीन दिवस ताप होता, घरी क्रोसिन चालू होती, मुलाला वाटत होतं हवामान बदललंय म्हणून असेल. आल्या तेव्हा रक्तदाब ८० वर, हातपाय गार. खड्याला हातसुद्धा लावायचा नव्हता, फक्त वाट मोकळी करायची होती. दुर्बिणीतून तार खड्याच्या बाजूने वर सरकवली, तिच्यावरून स्टेंट, म्हणजे लघवीला वाट देणारी मऊ नळी, चढवला, आणि स्टेंटच्या टोकातून ताकासारखा दाट पांढरा पू पिशवीत ओघळायला लागला. पाच मिनिटांचं काम. तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या. खडा तीन आठवड्यांनी काढला. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला की नुसती अँटिबायोटिक्स तिथवर पुरेशी पोचत नाहीत. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास झालाय, त्यात अशा रुग्णांची वाट मोकळी केली नाही तेव्हाचा मृत्युदर, केली तेव्हाच्या दुपटीहून अधिक होता. सुमारे १९ टक्के विरुद्ध ९. वाट स्टेंटने मोकळी करा की पाठीतून नळी घालून, दोन्हीचा उपयोग सारखाच. उशीर तेवढा होता कामा नये.

तापाखेरीज, एकच किडनी असेल, दोन्ही बाजूंना खडे अडले असतील, लघवी कमी झाली असेल, क्रिएटिनिन चढत असेल, उलट्यांमुळे पोटात काही ठरत नसेल किंवा औषध घेऊनही कळ थांबतच नसेल, तरीही थांबू नका.

आणि एक धोका असा की ज्यात काहीच दुखत नाही. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसतं. पूर्ण अडलेली किडनी काही दिवसांनी लघवी तयार करणं कमी करते, दाब उतरतो, दुखणं जातं. एक द्राक्ष बागायतदार असेच वर्षभर निवांत होते. छाटणीच्या हंगामात कळ आली, पंधरा दिवसांत गेली, खडा पडला असेल म्हणून विसरले. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी झाली. डावी किडनी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी, बाहेरचा थर कागदाइतका पातळ. स्कॅनमध्ये त्या किडनीचं काम ७ टक्के. खडा अजून तिथेच होता, ८ मिमीचा. म्हणून भाऊ "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी चार आठवड्यांनी तपासणी चुकवू देऊ नका. खडा हातात आलेला नसेल तर पुन्हा स्कॅन करून तो गेल्याची खात्री झालीच पाहिजे. कमी मात्रेच्या रेडिएशनचं सीटी त्याला पुरतं.

दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याकडे येतो. लगेच काढून टाकणं हाही मान्य मार्ग आहे. बॉयलरवर रात्रपाळीत काम करताना कळ आली तर काय, रजा किती शिल्लक आहे, कारखान्याचा गळीत हंगाम चालू आहे का, हे प्रश्न संशोधनाच्या तक्त्यात नसतात, पण निर्णयात असायलाच हवेत. ट्रकचालकाला, उद्या विमानाने परदेशी निघालेल्याला मी स्वतः लवकर काढून घ्यायला सांगतो. काढायचाच तर दुर्बिणीने की बाहेरून लहरींनी फोडून, यावर ब्रिटनमध्ये ६१३ रुग्णांची चाचणी झाली. लहरींनी सुरुवात केलेल्यांपैकी २२ टक्क्यांना पुढे आणखी काही उपचार लागला, दुर्बिणीने केलेल्यांपैकी १० टक्क्यांना. दुसऱ्या बाजूने हेही पाहा की लहरींवाल्या दहापैकी जवळपास आठ जणांचं काम दुर्बिणीवाचून भागलं.

दुर्बिणीने केलं तर बहुधा आत स्टेंट ठेवतील. दोन्ही टोकांना वळलेली, शेवयाएवढी मऊ नळी. ती असेपर्यंत लघवीला सारखं लागणं, लघवी करताना कुशीत दुखणं, थोडं रक्त दिसणं हे होतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ती काढायची तारीख. ती डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, घरातल्या कॅलेंडरवर लिहा, दोघांच्या फोनमध्ये टाका. माझ्याकडे एक तरुण तीन वर्षांनी आला होता. आत नळी आहे हे त्याला कुणी समजेल अशा भाषेत सांगितलंच नव्हतं. नळीच्या वरच्या टोकाभोवती लिंबाएवढा आणि पिशवीतल्या टोकाभोवती त्याहून मोठा खडा जमला होता. ६ मिमीच्या खड्यापायी सुरू झालेली गोष्ट तीन शस्त्रक्रियांवर गेली. कागद हातात देऊन आपलं काम संपत नाही, हे मी त्या मुलाकडून शिकलो. तेव्हापासून स्टेंट ठेवलेल्या प्रत्येक रुग्णाचा नंबर आमच्या सिस्टरांच्या वहीत असतो आणि तारखेच्या आधी फोन जातो.

मावशींचं कुळीथ. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, पाषाणभेदाचा काढा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सुश्रुतांनी अश्मरीचं, म्हणजे मुतखड्याचं, वर्णन आणि तिची शस्त्रक्रिया दोन्ही लिहून ठेवली. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण "आमच्या दिराचा खडा कुळथाने पडला" ही साक्ष त्या ८० जवळ नेऊन ठेवा. लहान खडा असलेल्या दहाजणांना काहीही न देता त्यांतल्या आठांचं निभावत असेल, तर ज्याने जे घेतलं त्याला ते श्रेय मिळणारच. माझ्या गोळीलाही ते तसंच मिळत होतं. कुळथाला वेगळा न्याय लावून कसं चालेल? रिकाम्या काढ्याशी तुलना करून निकाल लागेल इतक्या मोठ्या चाचणीत ते अजून उतरलेलं नाही. तोवर माझं सांगणं इतकंच की किडनी चांगली असेल तर जेवणात कुळथाचं पिठलं, कढण खुशाल खा, पण त्याच्या भरवशावर स्कॅनची तारीख पुढे ढकलू नका. आणि बाजारात बाटलीतून मिळणारं, घटक न लिहिलेलं काही घेऊ नका.

भावाचा हा खडा जाईल. माझी खरी काळजी पुढच्या खड्याची आहे, आणि तिथे पाणी खरोखर काम करतं. इटलीत पहिला खडा होऊन गेलेल्या १९९ लोकांना पाच वर्षं पाहिलं. ज्यांना दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला लावलं, त्या ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीसारखं पिणाऱ्या १०० पैकी २७ जणांना. लक्षात घ्या, पाणी किती प्यायलं ते मोजायचं नसून लघवी किती झाली ते मोजायचं. बॉयलरपाशी घामातून इतकं जातं की चार लिटर पिऊनही लघवी सव्वा लिटरच होते. सुट्टीच्या दिवशी एकदा आणि कामाच्या दिवशी एकदा, चोवीस तासांची लघवी लिटरच्या जुन्या बाटल्यांत जमवून त्याला मोजायला सांगा. बहुतेकांना स्वतःचा आकडा पाहून धक्का बसतो.

दूध मात्र बंद करू नका. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही तोडणं हा आपल्याकडचा सर्वांत जुना गैरसमज, आणि कित्येक वर्षं आम्ही डॉक्टरच तो पसरवत होतो. इटलीतल्या पार्मा इथे १२० पुरुषांवर पाच वर्षं चाललेली चाचणी २००२ मध्ये आली. कमी कॅल्शियमचा आहार घेणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी, असा आहार घेणाऱ्या ६० पैकी १२ जणांना. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे कॅल्शियमशी मिळून खडा बनवणाऱ्या घटकाला, धरून ठेवतं, त्यामुळे ते ऑक्झलेट लघवीपर्यंत येत नाही. तेव्हा ऑक्झलेट जास्त असलेली अळूची भाजी, पालक वरचेवर नको, आणि खाल्ली तर सोबत वाटीभर दही असू द्या. टोमॅटोच्या बियांचा खड्याशी काही संबंध नाही, त्या किडनीपर्यंत जातच नाहीत. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यांतलं मीठ मात्र जातं, आणि ते लघवीतलं कॅल्शियम वाढवतं. खडे रोखायला वर्षानुवर्षं दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायाझाइडची गोळी स्वित्झर्लंडमध्ये ४१६ रुग्णांवर रिकाम्या गोळीशी तोलून पाहिली. २०२३ मध्ये निकाल आला आणि ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे रोजच्या ताटाकडे आणि पाण्याच्या बाटलीकडे मी आता पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देतो.

भावाला सांगा, चार आठवडे लघवी गाळूनच करायची. चहाची जुनी गाळणी चालते, तिच्यावर तलम सुती कापड टाकलं तर आणखी बरं. खडा तिळाएवढा, तपकिरी, खडबडीत असू शकतो, वाळूचा कण समजून टाकून देतात. मिळाला तर धुऊन, कोरडा करून रिकाम्या डबीत ठेवायचा आणि तपासायला द्यायचा. यूरिक ॲसिडचा निघाला तर पुढचे खडे लघवीची आम्लता कमी करून औषधाने विरघळवताही येतात, आणि मग सगळा बेतच बदलतो. फेरतपासणीला येताना नुसता छापील रिपोर्ट नको, सीटीची सीडी घेऊन या. खडा नेमका कुठे होता आणि आता कुठे आहे, हे मला आणि त्याच्या डॉक्टरांना चित्रातच पाहावं लागतं.